गणपतीच्या गाडीला स्प्रिंग की हवा

मंडळाच्या सभेत सेक्रेटरी साहेबांनी ‘लोडर’ हा शब्द काढला, तेव्हा मी हातातला चहा न पिता खाली ठेवला. लोडर म्हणजे काय हे झाशीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, अशी माल वाहायची छोटी गाडी. सोमवारी तिच्यात गॅसची सिलिंडरं, मंगळवारी बटाटे, बुधवारी कोणाचं घर बदलतंय म्हणून पलंग आणि कुलर. आणि अनंत चतुर्दशीला म्हणे आमचे गणपती!

मी विचारलं, “बटाट्यांच्या आधी की नंतर?”

सेक्रेटरी साहेब हसले नाहीत. बँकेतून रिटायर झालेला माणूस, हसणं जपून वापरतो. म्हणाले, “काका, धुऊन घेऊ.”

धुऊन घेऊ! जणू मी गाडी मळकी आहे म्हणून रागावलो होतो.

आम्ही झाशीचे मराठी म्हणजे मूठभर लोक. पूर्वज घोड्यावर बसून आले, सुभेदारांच्या चाकरीत राहिले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी. नातवंडांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. अशा आमच्या लोकांचा वर्षातून एकदा गणपती बसतो आणि त्यात ज्याचं त्याचं काम ठरलेलं आहे. एका घरचा नैवेद्य, एका घरची आरतीची तबकं, एका घरची मूर्ती उचलणारी माणसं. आमच्या घरचं वाहन. माझ्या वडिलांचा टांगा होता, त्या टांग्यातून गणपती पहूज नदीवर जायचे. वडील टांग्याच्या कमानींना आदल्या दिवशी एरंडेल तेल पाजायचे, म्हणायचे, “कुरकुर ऐकू आली तर देव म्हणेल, मला ओझं समजतात.” टांगा गेला तशी माझी गाडी आली. हा आमचा मान. मान कागदावर लिहिलेला नसतो, म्हणून कागदवाल्या लोकांना तो दिसत नाही.

माझी गाडी कॉन्टेसा. लांब नाक, रुंद छाती, काळी. बबिन्याच्या छावणीतून बदलून जाणाऱ्या एका मराठी मेजरसाहेबांकडून घेतली. तेव्हा मी मोठ गावच्या मंडईतून गल्ल्याचे, म्हणजे धान्याचे, ट्रक चालवायचो. शिकलो चौथीपर्यंत, तेसुद्धा मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून चौथीपर्यंत ढकललं. पण गाडी घेतली ती साहेब लोकांची घेतली. आणि त्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारची सीट गणपतींची. पहिल्या वर्षी त्यांना तिथे बसवलं, त्यानंतर तिथे कोणी बसलेलं नाही. आमची ही लग्नाला, दवाखान्यात, बाजारात कुठेही जायचं तर मागे बसते. सीपरी बाजारातले लोक समजतात नवरा-बायकोचं बोलणं नाही. समजू देत.

आता लोडरची गोष्ट कुठून निघाली ते सांगतो. मागल्या वर्षी इलाइट चौराह्याच्या अलीकडे रस्त्यावर एक नवा ठोकळा, म्हणजे ब्रेकर, घातला होता. पाटी नाही, पट्टा नाही. रातोरात डांबराचं डुक्कर आडवं झोपवल्यासारखं. गाडीच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या होत्या, हे मला माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाला माहीत नसेल तर कोणाला. पुढचं चाक चढलं, उतरलं, गाडीचं पोट घासलं आणि गणपतींच्या हातातल्या मोदकाचा एक टवका उडाला.

मोदकाचा! हाताचा नाही, सोंडेचा नाही. आणि उत्तरपूजा झालेली होती. उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, देव निघाले. उरते ती शाडूची माती. ही गोष्ट आमच्या गुरुजींनी नदीवर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सांगितली. पण सेक्रेटरी साहेबांनी वर्षभर एकच धरून ठेवलं: “मूर्ती भंगली.” इतक्या वेळा म्हणाले की ज्यांनी टवका पाहिला नव्हता ते मला विचारायला लागले, काका, सोंड कशी तुटली?

सभेत मी उभा राहिलो. म्हणालो, “स्प्रिंगा जुन्या आहेत, गाडी नाही. स्प्रिंगा बदलतो. मग बोला.”

“मिळतात का त्या आता?” सेक्रेटरी साहेब म्हणाले. “कंपनी कधीच बंद झाली. काका, वय झालं की थोडं मागे व्हावं. मी गाडीबद्दल बोलतोय.”

गाडीबद्दल बोलतोय! सगळ्या सभेला कळलं कोणाबद्दल बोलतोय. शेवटी ठरलं ते असं: गणपती बसायच्या आत मी गाडी ठीक करून दाखवायची. सभेला पटली तर मान आमच्याकडे, नाही तर लोडर. आणि एकदा लोडर आला की तो परत जात नाही, हे मी ट्रकच्या धंद्यात पाहिलेलं आहे. स्वस्त वस्तू एकदा घुसली की तीच रीत होते.

माझी नात नोएडाला नोकरी करते. मोटारींचं वेड तिला माझ्याकडून आलं, बाकी काही आलं नाही. मी फोनवर सगळं सांगितलं तर ती खूश झाली. म्हणे, “आजोबा, ये तो इंडिया की मसल कार है! आपण एअर सस्पेन्शन टाकू.”

“हे काय आता?”

“स्प्रिंग काढायची. तिच्या जागी रबराचे फुगे. डिकीत कंप्रेसर, हवेची छोटी टाकी, आणि हातात बटन. ब्रेकर आला, बटन दाबलं, गाडी वर. गणपतींना बसवायचं, बटन दाबलं, गाडी खाली. और राइड ऐसी कि चाय का कप रख दो.”

“देव काय चहाचा कप आहे?”

“आजोबा, धक्का नको ना? हवेइतकं मऊ काहीच नाही. भांडण सोडून ऐका जरा.”

मी ऐकलं. माझ्यावर आरोप आहे की मी ऐकत नाही; मी ऐकतो, मानत नाही, दोन्ही वेगळं. ती सुट्टी काढून आली आणि मला ग्वाल्हेरला घेऊन गेली. तिथे तिच्या ओळखीच्या एका मुलाने जुन्या गाडीला हे फुगे बसवले होते. सकाळी आम्ही त्याच्या दारात गेलो तर ती गाडी जमिनीवर बसलेली. बसलेली म्हणजे पोट फरशीला टेकलेलं, एक कोपरा जास्त खाली, दुपारच्या म्हशीसारखी.

मी म्हणालो, “आजारी आहे का?”

मुलगा म्हणाला, “नहीं अंकल, रात में थोड़ी हवा निकल जाती है। बस दो मिनट.” त्याने बटन दाबलं. डिकीत घर्रर्र सुरू झालं. एक बाजू उठली. मग दुसरी उठली. मग पहिली जरा बसली. मग दोन्ही उठल्या. तो कपाळ पुसत हसत होता आणि माझी नात माझ्याकडे बघायचं टाळत होती.

चालवून पाहिली. खोटं बोलणार नाही, लोण्यासारखी चालली. खड्डा आला तर नुसता आवाज आला, खड्डा आलाच नाही. परतताना नात म्हणाली, “मानलंत ना?”

“चालण्यात मानलं. उठण्यात नाही.”

“वो तो एक जॉइंट लीक है, आजोबा. एक रबराची रिंग बदलली की झालं. चांगलं सामान लावलं तर महिनाभर हवा जात नाही.”

“आणि आमची गाडी महिनेमहिने उभी असते आणि नेमकी त्या दिवशी चालायला हवी, त्याचं काय? उत्तरपूजा झाली, मूर्ती जागेवरून हलवली, बाहेर आणली, ताशा सुरू झाला आणि गाडी पोटावर बसलेली. सेक्रेटरी साहेब विचारणार, काका, काय झालं? मी म्हणू, दो मिनट?”

नात म्हणाली, “तुम्हाला हवा आवडत नाही कारण ती दिसत नाही.”

“हो. माझ्या टाचेला जे लागतं ते मला कळतं. लोखंड ठोकून बघता येतं. फुग्याला काय विचारू, बाबा रे, बरा आहेस का?”

तिने मग दुसरा रस्ता सांगितला, जरा नाक मुरडूनच. कॉइलओव्हर. नाव मोठं, वस्तू सरळ. शॉक-अब्झॉर्बरच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली, आणि खाली आटे पाडलेली नळी. त्या आट्यांवर एक कडं फिरतं. कडं वर फिरवलं की तो कोपरा उंच, खाली फिरवलं की बुटका. चार चाकांना चार, प्रत्येकाचं कडं वेगळं. एक वाकड्या तोंडाचा पाना लागतो, बस. मला ते चित्र बघताक्षणी पटलं. दळणाच्या जात्याला जशी पाचर ठोकून वरची तळी उचलतात, तसंच. कंप्रेसर नाही, टाकी नाही, बटन नाही.

नात म्हणाली, “पण ते रेसवाल्यांसाठी असतात. कडक असतात. हाडं खिळखिळी होतील. जो तुम्ही टाळताय तोच धक्का लागेल.”

“मग मऊ मागवू.”

सीपरीत माझा ओळखीचा एक मिस्त्री आहे. बोलण्यात पटाईत, कामात बरा. तो दिल्लीहून सामान मागवणार होता. म्हणाला, “दद्दा, कड़क स्प्रिंग डलवाओ। गाड़ी सड़क से चिपक के चलेगी। मोड़ पे हिलेगी भी नहीं.”

मी म्हणालो, “मला चिपकून काय करायचं? मी काय पाल आहे? मला नरम पाहिजे. सगळ्यात नरम.”

“नरम में गाड़ी झूलेगी, दद्दा.”

“झुलू दे. पाळण्यात देव झुलतातच.”

“सामान मेरा, ज़िद तुम्हारी,” म्हणाला आणि नरम मागवलं. नात म्हणाली की एवढी नरम स्प्रिंग वजन पडल्यावर किती बसते ते बघूनच कडी लावायला हवीत. रिकाम्या गाडीवर माप घेतलं तर उपयोग नाही. हे तिचं बरोबर होतं आणि मी तसं म्हणालो. मी पोरींचं बरोबर असेल तर म्हणतो. सेक्रेटरी साहेबांचं अजून तसं काही निघालेलं नाही.

मग एका रविवारी मी विसर्जनाच्या गाडीत बसणारी सगळी मंडळी मिस्त्रीच्या दुकानात बोलावली. मागच्या सीटवर दरवर्षी तिघं असतात: आमची ही, मंडळाच्या सगळ्यात जुन्या वहिनी, आणि गुरुजी. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, जणू खरंच निघायचंय. गुरुजी म्हणाले, “मला पाठीला टेकू द्या, माप घेताना श्वास रोखायचा का?” मिस्त्री खाली पडून बघत होता, तो म्हणाला, “पंडितजी, साँस लेते रहो, वजन उतना ही रहेगा.” वहिनींनी हिला हळूच विचारलं, “माझ्यामुळे तुझी बाजू दबली का गं?” ही म्हणाली, “गाडीची दबली, वहिनी. माझी लग्नातच दबली.” रस्त्यावर माणसं उभी राहून बघायला लागली. एक जण मला म्हणाला, “चाचा, फोटो खिंचवा रहे हो?”

मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. मिस्त्री म्हणाला, “आगे वाली सीट पे भी तो वजन रखो। मूर्ति जितना। आटे की बोरी रख दो.”

हिने मागून आवाज चढवला, “तिथे? पिठाचं पोतं? गणपतींच्या जागी?”

“अम्मा जी, बोरी ही तो है.”

नात म्हणाली, “ठीक है, मैं बैठ जाती हूँ.” आणि दरवाजा उघडून एक पाय आत टाकला. आतून आम्ही चौघं एकदम ओरडलो. वहिनींनी तर तिचा दंडच धरला. पोरगी लाल झाली. म्हणाली, “सीट आहे ही! कापड आणि फोम! एक दिवस देव, बाकी वर्ष काय?”

मी म्हणालो, “बाकी वर्ष त्यांचीच जागा. माणूस कामाला बाहेर गेला म्हणून कोणी त्याच्या पाटावर जेवायला बसत नाही.”

“माप चुकेल, आजोबा.”

“चुकू दे.”

मिस्त्रीने हात वर केले. “फिर बाद में मत कहना,” म्हणाला आणि चौघांवर माप घेऊन कडी लावली. गाडी चारी बाजूंनी सरळ उभी राहिली. मी ती सेक्रेटरी साहेबांच्या दारात नेली, त्यांना मागे बसवलं आणि त्याच डुकरावरून, त्या ठोकळ्यावरून, नेऊन आणलं. गाडी वर झाली, खाली झाली, पाळण्यासारखी. साहेबांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती, पण डोकं छताला लागलं नाही. उतरताना म्हणाले, “बरी आहे.” बरी! गावातल्या पोरांनी रस्त्यात थांबून तिचे फोटो काढले आणि हे म्हणतात बरी. मग म्हणाले, “तरी लोडर सांगून ठेवतो. बॅकअप म्हणून.”

बॅकअप. ज्याच्या लग्नात दुसरा नवरा मांडवात उभा ठेवलेला असेल त्याला विचारा बॅकअप काय असतं.

विसर्जनाच्या दुपारी मी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून गाडी मंडळाच्या दारात लावली. चार पावलांवर लोडर उभा. त्याला झेंडूच्या माळा आधीच बांधल्या होत्या. माझ्या गाडीला माळा मी बांधल्या, त्याला कोणी बांधल्या ते मी विचारलं नाही. उत्तरपूजा झाली. चार जणांनी मूर्ती शिसवी पाटासकट उचलली, गजर करत बाहेर आणली, सीटची पाठ मागे पाडली आणि गणपतींना त्यांच्या जागी ठेवलं. मी उपरण्याने पाट बांधला.

आणि गाडीने डावा खांदा टाकला.

हळूच, पण सगळ्यांना दिसेल इतका. पुढचं डावं चाक मडगार्डात शिरलं. गणपती खिडकीकडे कलले, जसं कोणी रस्त्यात ओळखीचं दिसल्यावर वाकून बघावं. ताशेवाल्याचा हात थांबला. मागे ही, वहिनी, गुरुजी बसले, मी बसून पाहिलं; तरी पुढचा कोपरा खालीच.

सेक्रेटरी साहेब खिडकीशी आले. आवाज अगदी गोड. “काका, आता हट्ट पुरे. ठोकळ्यावर चाक घासलं की टायर जाईल. मूर्ती उतरवू या. लोडर तयार आहे.”

नात पहिल्यांदाच नऊवारी नेसली होती, तिच्या आजीने सकाळी तास घालून नेसवलेली. तिने मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री त्या दिवशी दतियाला सासुरवाडीला. फोन तिने मोठ्या आवाजावर टाकला आणि सगळ्या मंडळासमोर तो बोलला, “दद्दा से कहो, स्प्रिंग नरम उन्होंने मँगाई, सीट खाली उन्होंने रखवाई। अब मैं यहाँ पूड़ी खा रहा हूँ, मैं क्या करूँ?”

लोक हसले. मला राग आला, त्याच्यावर नाही. तो जे बोलला ते तोंडावर बोलला. राग आला तो खिडकीशी उभ्या असलेल्या गोड आवाजावर. मी खाली उतरलो आणि डिकीतून जॅक काढला, वाकड्या तोंडाचा पाना काढला.

“गुरुजी,” मी म्हणालो, “देवांना आत बसवलं, आता उतरवता येतं का?”

गुरुजी मागून म्हणाले, “एकदा हलवलं की नदीपर्यंत परत खाली ठेवत नाहीत. वाटेत थांबता येतं. आरती म्हणता येते.”

“मग म्हणा.”

आरती सुरू झाली. पण जॅक लावायचा तर गाडी उचलणार, आणि गाडी उचलली तर मूर्ती दुसरीकडे कलणार. कोणीतरी धरायला हवं होतं. खिडकीच्या सगळ्यात जवळ सेक्रेटरी साहेब. मी म्हणालो, “साहेब, दोन्ही हात आत घाला आणि घट्ट धरा. सोडलंत तर या वेळी खरंच भंगेल, आणि ती तुमच्या हातून.”

त्यांनी धरलं. काय करतील? चाक जमिनीवरून सुटलं तसे ते वाकलेले, गाल गणपतींच्या कानाशी, चष्मा घसरलेला, घाम येतोय आणि पुसायला हात नाही. लोडरवाला त्यांना हाक मारतोय, “साहब, माल चढ़ाना है कि नहीं?” आणि साहेबांना मान वळवता येत नाही. माल म्हणाला तो. सगळ्यांनी ऐकलं. मला काही बोलावंच लागलं नाही.

मी धोतर गुंडाळून रस्त्यावर झोपलो. आतल्या बाजूने पाना लावला. फिरत्या कड्याला खालून धरून ठेवणारं दुसरं कडं सुटेना. माझ्या मनगटात आता तो जोर नाही, हे मी इथे लिहितोय, तिथे बोललो नाही. तेवढ्यात शेजारी नऊवारीचा काठ आला. पोरगी गुडघ्यावर बसली, मग सरळ आडवी झाली, आजीने तास घालून नेसवलेलं लुगडं धुळीत. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ओढलं. कडं कचकन सुटलं.

“एक बटन असतं, आजोबा,” ती कानाशी म्हणाली.

“चूप. फिरव.”

तिने फिरवलं, मी मोजलं नाही, नजरेने बघितलं. वरून आरतीचं दुसरं कडवं आलं, तिसरं आलं. वहिनींना सगळी कडवी येतात, ते त्या दिवशी कामाला आलं. जॅक उतरवला. गाडी बसली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि समोरून बघितलं. अजून जरासे कललेले होते. परत उचललं, साहेब परत वाकले, “काका, कंबर...” म्हणाले, मी ऐकलं नाही. पुन्हा फिरवलं, खालचं कडं पुन्हा कसलं, उतरवलं. या वेळी गणपती सरळ समोर बघत बसले, अगदी दर वर्षी बसतात तसे, आणि चाकावर पंजा मावेल एवढी जागा.

मी साहेबांना म्हणालो, “सोडा आता.” त्यांची बोटं लगेच उघडेनात.

कोणी ठरवलं नाही, कोणी विचारलं नाही. ताशा वाजला, मी गाडी सोडली. इलाइट चौराह्याच्या अलीकडे ठोकळा आला. चालणारे सगळे थांबले, मागल्या वर्षीची आठवण प्रत्येकाला होती. मी क्लचवर पाय ठेवून गाडी चढवली. नाक वर गेलं, खाली आलं, पुन्हा थोडं वर. गणपतींच्या गळ्यातला हार एकदा हलला, बस. गुरुजी मागून म्हणाले, “झाला का ठोकळा?” झाला होता.

पुढे सीपरीचा पूल, मग पहूज. मूर्ती हातावर घेताना मी मोदक बघितला. पूर्ण होता. मग ती पाण्यात गेली.

परत यायला निघालो तेव्हा गाडीचा डावा कोपरा उंच. साहजिकच. ज्यांच्या वजनाने ती सरळ झाली होती ते नदीत राहिले होते. नात थकलेली, चिखलाने भरलेलं लुगडं, ती मागचा दरवाजा उघडून आपल्या आजीच्या मांडीला टेकून बसली. या वेळी पुढच्या सीटकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दतियाहून आला. हात पुसत म्हणाला, “लाओ दद्दा, अब वापस बराबर कर दूँ। टेढ़ी खड़ी है, अच्छी नहीं लगती.”

मी पाना दिला नाही. बाजारातले अजून विचारतात, चाचा, गाड़ी एक तरफ़ से उठी क्यों है, एक्सीडेंट हुआ था क्या? एक-दोनदा सेक्रेटरी साहेबांनीही विचारलं, गोड आवाजात. मी कोणाला काही सांगत नाही. माझी गाडी आहे. वर्षभर वाकडी उभी राहील. पुढच्या भाद्रपदात जे यायचे ते येतील, आपल्या जागी बसतील आणि ती सरळ होईल. त्या आधी त्या कड्याला कोणी हात लावायचा नाही.